लेक के-वनला, घरात चिनीचा गंध नाही : क्लास कसा निवडायचा?

मृण्मयी_पुंगोल

नमस्कार मंडळी. प्रश्न सिंगापूरकरांसाठी आहे, पण इतरांनी काही सांगितलं तरी हवंच आहे.

आम्ही पुंगोलला राहतो. गेल्या वर्षी पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालं. लेक यंदा के-वनला (बालवाडीचं पहिलं वर्ष, पुढचं के-टू), म्हणजे प्रायमरी वन, आपली पहिली, दोन वर्षांवर. शाळेत 'मातृभाषा' हा विषय असतो, त्यात कोणती भाषा घेणार ते पुढच्या वर्षी शाळाप्रवेशाच्या वेळी सांगावं लागेल. चिनी, मलय, तमिळ या तीन. शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी त्या यादीत नाही. म्हणजे 'मातृभाषा' या रकान्यात आपली मातृभाषा सोडून दुसरं काहीतरी भरायचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा दिवस तणतणत होते.

नवरा हिंदीच्या बाजूचा. मी चिनीच्या, कारण लेकीच्या बालवाडीत रोज चिनीचा तास असतो आणि ती घरी येऊन बाहुल्यांना रांगेत बसवून स्वतः लाओशी, म्हणजे बाई, होते. सासूबाईंचं फोनवरून मत आलं, "चिनी कसलं शिकवताय, रामरक्षा शिकवा." (रामरक्षा चालू आहे. तिसऱ्या श्लोकावर अडलोय.)

तर चिनी घ्यायचं असं धरून मी तीन ठिकाणी ट्रायल करून आले.

पहिला क्लास मॉलमधला. बारा मुलं, दीड तास, शेवटी हातात रंगीत फोल्डर आणि आठ वर्कशीटं. दहा आठवड्यांच्या टर्मचे सहाशेच्या वर डॉलर, त्यावर साहित्याचे पैसे, डिपॉझिट, आणि वर ९ टक्के जीएसटी. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, के-टू संपेपर्यंत तीनशे अक्षरं. माझे डोळे पांढरे झाले, पण खोटं कशाला बोलू, मोहही पडला.

दुसरा नुसता गाणी-नाटकाचा. लिहिणं अजिबात नाही. लेकीला सगळ्यात आवडला. नवरा म्हणाला, "एवढे पैसे देऊन नाचायला पाठवायचं?"

तिसरा एका ब्लॉकखालच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. पाचच मुलं, एक वयस्क लाओशी, भिंतीला ओल. फोल्डर नाही, बाहेर बसायला खुर्ची नाही.

आम्हा दोघांना चिनीतलं 'शिएशिए' (धन्यवाद) सोडून काहीही येत नाही. घरी अभ्यास घेता येणार नाही. मग क्लास कशावरून ठरवायचा? अक्षरांच्या आकड्यावरून, मुलांच्या संख्येवरून, का लेकीच्या आवडीवरून?

जुराँगकर

हिंदी घ्या. विषय संपला.

गंमत सोडा, पण खरंच विचार करा. माझ्या मुलीनं हिंदी घेतलं. शनिवारी सकाळी वर्ग, देवनागरी आम्हाला येत असल्यामुळे अभ्यास घरचा घरी. सहा वर्षांत ट्यूशनचा एक डॉलर खर्च केला नाही, पीएसएलईला, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या परीक्षेला, एएल टू (ही श्रेणी, एएल वन सगळ्यात वरची). आमचा त्रास एवढाच की मराठी घरातली हिंदी ती. निबंधात 'मेरेको' आणि 'दही खट्टी है' लिहून मार्क घालवायची. पण चूक दिसायची तरी! चिनीत मुलानं चूक केली तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

कोथिंबीर_वडी

मृण्मयी, जुराँगकरांचं शेवटचं वाक्य कागदावर लिहून फ्रिजला लावा. सगळी गोम तिथेच आहे. तरीही मी चिनीच घेतलं होतं आणि पुन्हा वेळ आली तरी चिनीच घेईन. फक्त क्लास तो घेणार नाही. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझा मुलगा २०१६ साली के-वनला होता. आमच्या ओळखीतली सगळी मुलं ज्या क्लासला जायची त्याच क्लासला मी त्याला घातलं. नाव लिहीत नाही. दर शनिवारी दोन तास. फोल्डर आमच्याकडेही होतं, दर टर्मला नवीन रंगाचं. वर्कशीटवर लाल बरोबरच्या खुणा. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण लाल खुणा मोजता येत होत्या, त्यामुळे मी खूश होते. चार वर्षं खूश होते!

मग एप्रिल २०२० आला, सर्किट ब्रेकर, म्हणजे इथला लॉकडाऊन, लागला, सगळं झूमवर गेलं. मुलगा तेव्हा प्रायमरी थ्रीत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, पलीकडे ओट्याशी मी. भाजी निवडता निवडता पहिल्यांदाच त्याचा चिनीचा तास मी कानांनी ऐकला. लाओशी भराभर बोलतायत, मुलं पटापट उत्तरं देतायत, सगळी चिनी घरांतली. माझा मुलगा गप्प. मी गवारीच्या शेंगा मोडत होते, तर म्हटलं तो बोलला की एक शेंग बाजूला ठेवायची. दीड तासाला तीन शेंगा झाल्या. त्यातली एक 'टॉयलेटला जाऊ का' याची होती, आणि तीसुद्धा इंग्रजीत.

पुढच्या आठवड्यात दोन.

त्या रात्री जेवताना मी त्याला म्हटलं, तू शिकलायस त्यातलं काहीतरी बोलून दाखव. त्यानं डोळे मिटले आणि धडाधड एक परिच्छेद म्हणून दाखवला. मला काय कौतुक! अर्थ विचारला तर, आकाश निरभ्र होतं, हजारो मैल ढगाचा पुंजका नव्हता. पुढे? पुढचं वाक्य दुसऱ्या निबंधाचं. तिथे निबंधासाठी छान-छान वाक्यं पाठ करून घेतात, आपल्याकडे 'पूर्वेला तांबडं फुटलं होतं, पक्षी किलबिलत होते' लिहायचो ना, अगदी तेच. सिंगापूरचा चिनी निबंध निरभ्र आकाशापासून सुरू होतो, मग त्यात पुढे अपघात होवो नाहीतर कोणाचं पाकीट हरवो. हे येत होतं त्याला. पण जून संपता संपता बाहेर बसून खायची परवानगी मिळाली आणि आम्ही खाली कॉफीशॉपमध्ये गेलो, तर नूडल्सवाल्या काकांना 'तिखट नको' याचे चिनीतले तीन शब्द सांगता आले नाहीत. चार वर्षं शिकून. शेवटी मी हातवारे केले.

आता थिंग-श्येबद्दल, कारण हे तुमच्या घरीही येणार आहे. थिंग-श्ये म्हणजे ऐकून लिहिणं, आपलं शुद्धलेखन. प्रायमरीत हे सतत असतं. शाळेतून शब्दांची यादी येते, घरी कोणीतरी मोठ्यानं म्हणायचं, मुलानं चौकटीच्या वहीत लिहायचं. म्हणणारी मी. पिनयिन, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेले चिनी उच्चार, बघून वाचायचे. एकदा यादीत 'माय' आलं. मी म्हटलं, माय. त्यानं लिहिलं. खाली पुन्हा माय. मी म्हटलं, हे तर झालं. तो म्हणाला, "आई, एक माय म्हणजे विकत घेणं आणि दुसरं माय म्हणजे विकणं, तू कुठलं म्हणतेयस?" सूर वेगळा, बाकी सगळं तेच. घेण्याच्या अक्षरावर 'दहा'चं चिन्ह, म्हणजे अधिकसारखी दोन रेघांची फुली, चढवली की विकणं होतं. आणि मी समोर बसून दोन्हीला एकच माय म्हणणारी तिसरी माय. आम्ही दोघं इतके हसलो की वही राहिली बाजूला. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही 'माय' उलटेपालटे आले.

मग मी शेजारच्या आजींना गाठलं. समोरच्या दारातल्या, फार प्रेमळ. त्यांनी फोनवर यादी रेकॉर्ड करून दिली. तर आजींची घरची भाषा होक्कियन, ही वेगळी चिनी बोली, जीभ वळवायचा 'ष' त्यांच्या बोलण्यात येतच नाही. त्यांचे चार आणि दहा जवळजवळ सारखे. मुलगा गणितात हुशार आणि थिंग-श्येत दहाच्या जागी चार लिहून आला. आजींना हे कधी सांगितलं नाही.

तर झूमच्या त्या दोन तासांनंतर क्लास सोडला. टर्मभर आधी नोटीस द्यायची अट करारात होती, ती मी वाचलीच नव्हती. डिपॉझिट गेलं. तुम्ही वाचा.

नंतर तोआ पायोहला एक निवृत्त लाओशी मिळाल्या. घरीच शिकवायच्या, चार मुलं, गोल टेबल. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, घरी चिनी कोण बोलतं? कोणी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग मी आधी सहा महिने त्याला बोलतं करणार, मार्क खाली गेले तर मला फोन करायचा नाही. मार्क गेले खाली. मी दोनदा फोन उचलून परत ठेवला.

त्या काय करायच्या ते सांगते, कारण ट्रायलला हेच बघायचं आहे. चित्र समोर ठेवायच्या आणि प्रत्येकानं एक वाक्य. मुलगा एकच शब्द बोलला तर तो शब्द घेऊन त्या पूर्ण वाक्य करायच्या, आणि ते त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायच्या. अडलं तर इंग्रजीत एक शब्द टाकायच्या, पुन्हा चिनीत. "आमच्याकडे शंभर टक्के चिनीच बोलतो" असं क्लासवाले छातीठोकपणे सांगतात. बालवाडीत ते ठीक आहे, तिथे हावभाव असतात, गाणी असतात. पण लिहिणं सुरू झाल्यावर ज्याच्या घरी भाषाच नाही त्याला अर्थ कोण सांगणार? तो मुकाट्यानं समोरच्या वहीतून चित्र उतरवतो. माझा तेच करत होता.

आणि नाती! एकदा त्यांनी कुटुंबाचं झाड काढायला सांगितलं. इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी, त्यामुळे वर्गातली चिनी मुलंही गोंधळतात. माझा पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे. मामा वेगळा, काका वेगळा, आत्या निराळी, मावशी निराळी हे त्याला घरातून आलेलं. चिनीत तसंच आहे, वर बापाचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगवेगळे शब्द. आत्याला 'कूकू'. आणि धाकट्या काकाला 'षूषू'. हे कळल्यावर पोरगा दोन दिवस लोळून हसत होता. काकाला नागपूरला फोन करून सांगितलं. पण त्या झाडापासून तो बोलायला लागला एवढं खरं.

त्या दर बुधवारी एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायच्या, त्याला उत्तर आवाजातच पाठवायचं. मला त्यात काही करावं लागत नव्हतं. ज्या घरी भाषा नाही तिथे अभ्यास असाच हवा, आईबापाशिवाय होणारा.

पीएसएलईत चिनीच्या दोनशे मार्कांपैकी ५० तोंडीचे आणि २० ऐकण्याचे असतात. उतारा मोठ्यानं वाचायचा आणि एक छोटा व्हिडिओ बघून परीक्षकाशी बोलायचं. २०२३ ला मुलगा बसला. एएल फोर आला, म्हणजे ७५ ते ७९ मधला कुठलातरी आकडा. जुराँगकरांच्या मुलीपेक्षा कमीच. चार विषयांची बेरीज जितकी कमी तितकं चांगलं, त्यामुळे हिंदीनं आमचे दोन अंक वाचले असते हे मान्य. पण आता तो सेकंडरीत आहे, फुटबॉलच्या मैदानावर मुलं चिनीत आरडाओरडा करतात, हाही करतो.

तुमच्या तिन्ही क्लासांबद्दल : तीनशे अक्षरं हा आकडा ऐकला की एवढंच विचारा, ओळखायची का लिहायची? शाळेच्या अभ्यासक्रमातही नुसती वाचायची अक्षरं वेगळी आणि लिहायची वेगळी असतात. पाच वर्षांच्या बोटांना पेन्सिल धड पेलत नाही. ओळखणं शंभर झालं आणि लिहिणं वीस, तरी भरपूर. आणि ट्रायल कोण घेतं ते बघू नका, तुमच्या शनिवारच्या दहाच्या बॅचला कोण असणार ते विचारा. आमच्या ट्रायलला आलेल्या हसऱ्या लाओशी मला चार वर्षांत पुन्हा दिसल्या नाहीत.

ओल आलेल्या भिंतीच्या क्लासला पुन्हा जाऊन बसा. शेंगा घेऊन जा.

दुभाषा

कोथिंबीर_वडी, गवारीच्या शेंगांना दाद. मी पुण्यात असतो, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत चिनी दुभाष्याचं काम करतो, सिंगापूरच्या शाळांचं मला काही कळत नाही. पण 'आम्हाला चिनी येत नाही म्हणून काहीच करता येणार नाही' हे पटलं नाही. तुम्हाला देवनागरी येते. चिनी उच्चारांसाठी ती रोमनपेक्षा कितीतरी सरस आहे.

पिनयिन रोमन लिपीत लिहितात आणि आपण ते इंग्रजीसारखं वाचतो, तिथे घोटाळा होतो. त्यात बी लिहिलं असेल तर म्हणायचा प. पी असेल तर फ, पण ओठ मिटून, 'फळ'मधला, इंग्रजी एफ निराळा आहे. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे पिनयिन हा शब्दच मुळात 'फिन-यिन' आहे आणि चीनची राजधानी 'पेइ-चिंग'. चिनी माणसाला ग-द-ब आणि क-त-प यांतला फरक महत्त्वाचा नाही, क आणि ख मधला आहे. इंग्रजी बोलणारा यात वर्षभर धडपडतो. आपण पहिलीतच शिकलोय.

मराठी माणसाला तर आणखी एक लॉटरी. आपल्याकडे चहातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा. हिंदीवाल्यांना हे समजावताना घाम फुटतो. चिनीत दोन्ही आहेत. 'जे' हे रोमन अक्षर असेल तिथे चहातला, झेड लिहिलं असेल तिथे चमच्यातला. निरोप घेताना म्हणतात 'चाय-च्येन', त्यात पहिला च चमच्यातला आणि दुसरा चहातला, एकाच शब्दात. एक्स म्हणजे शहामृगाचा श. एसएच म्हणजे पोटफोड्या ष, ज्याचा उच्चार आपण शाळेत बाईंच्या समोरच फक्त करायचो. शेजारच्या आजींचा प्रश्न होता तो हाच ष. आणि दोन टिंबांचा यू आला की ओठ 'ऊ'चे ठेवून जीभ 'ई'ची.

सूर चार. फोनवर कोणी हाक मारल्यावर आपण 'होऽ?' असं वर चढवतो तो दुसरा. चिडून 'हो!' म्हणतो तो चौथा. नको असताना कुरकुरत 'होऽऽ' म्हणतो, खाली जाऊन किंचित वर, तो तिसरा. हजेरीला सरळ लांबवलेलं 'हजऽर' म्हणजे पहिला. विकत घेण्याचं माय कुरकुरत म्हणा, विकण्याचं चिडून. चूक होणार नाही.

एक मात्र पाळा. हे तुमच्यासाठी आहे, मुलीच्या वहीत पिनयिनवर देवनागरी लिहून देऊ नका. ती ऐकून शिकतेय, तिला ऐकू द्या.

वयाचं दडपणही घेऊ नका. क्लासवाले 'सहाच्या आत नाहीतर कधीच नाही' असं घाबरवतात. मी सोलापूरचा. आमचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. भाषा तिथे गेल्यावर शिकले. मी स्वतः बाविसाव्या वर्षी पहिलं अक्षर गिरवलं आणि त्यावर घर चालतंय.

जुराँगकर

दुभाषा, चमच्यातला च वाचून बायकोला हाक मारली. आता दोघंही स्वयंपाकघरात 'चाय-च्येन' म्हणत फिरतोय. तरी माझं मत हिंदीच.

मृण्मयी_पुंगोल

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले. गवार मिळाली नाही, खिशात शेंगदाणे नेले.

मॉलवाल्यांनी दुसऱ्यांदा बसू दिलं नाही, म्हणाले पालकांनी बाहेर थांबायचं, आत कॅमेरा आहे. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. वरच्या मजल्यावरच्या लाओशींनी मागे प्लास्टिकचं स्टूल दिलं. तासाभरात लेक एकोणीस वेळा बोलली. त्यातली पाच इंग्रजीत, आणि दोनदा चक्क मराठीत, कारण खडू तुटला तेव्हा ती 'अगं बाई' म्हणाली आणि मग सगळीच मुलं 'अगं बाई' म्हणायला लागली. लाओशींनी थांबवलं नाही, हात वर करून विचारलं, हे चिनीत कसं म्हणाल? 'आय-या' असं काहीतरी निघालं.

घरी चिनी कोण बोलतं, हा प्रश्न त्यांनी विचारला. मी विचारण्याआधी.

लिहायला दिलं ते फक्त 'माणूस', दोन रेघांचं. एक डावीकडे घसरणारी, एक उजवीकडे. लेकीनं उजवी आधी काढली. त्यांनी तिचं बोट धरून हवेत तीनदा डावी-उजवी, डावी-उजवी केलं आणि मग वहीत. ओळ पूर्ण करायला दहा मिनिटं लागली, नवरा असता तर घड्याळ बघत बसला असता.

आता अडचण वेळेची. रविवारी साडेनऊची बॅच आहे, पण तेव्हा तिचा मराठीचा वर्ग असतो. दुसरी मंगळवारी पाचची, तेव्हा पोहणं. कोथिंबीर_वडी, तुम्ही काय केलं असतं?

कोथिंबीर_वडी

एकोणीस! आणि 'अगं बाई' मोजायचं बरं का, तोंड उघडलं ना.

मराठीचा वर्ग हलवू नका, सासूबाईंशी तुमचं आधीच रामरक्षेवरून चाललंय. मंगळवार घ्या. पोहण्याच्या बॅचा दुसऱ्या वारी मिळतात, तलावावर जाऊनच विचारा, फोन कोणी उचलत नाही. फक्त पोहून आल्यावर लगेच चिनी ठेवू नका, आमचा त्या लाओशींच्या गोल टेबलावर डोकं ठेवून एकदा गाढ झोपला होता.

आणि नोटीस किती आठवड्यांची आहे ते विचारलंत का?

मृण्मयी_पुंगोल

विचारलं. त्या म्हणाल्या, यायचं नसेल तर आदल्या दिवशी मेसेज करा.